घोडीचा अर्ज

माझ्यासारख्यानं कुणाचं व्यक्तिचित्र लिहायला घ्यावं, हे जरा जास्तच होतंय, याची मला जाणीव आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि आजवर अर्जापलीकडं फारसं काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण लातूर जिल्हा झाला तो आमच्या टांगेवाल्या चाचांसाठीच, असं मला आजही वाटतं, कारण त्यांना स्वतःला तसंच वाटत होतं.

चाचा माझ्या वडिलांचे दोस्त. रेणापूर-चाकूरकडची माणसं कागदं घेऊन स्टँडवर उतरली की चाचा, "या, जिल्ह्याला या!" असं म्हणत, जणू घरचंच लग्न होतं. कुणाला कुठंही जायचं असो, आधी गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेला एक पूर्ण फेरी व्हायचीच, कारण घोडीला ती आवडे. एकदा एक वकील चिडले, "अहो, कोर्टाची वेळ झाली!" चाचा शांतपणे म्हणाले, "तिला सांगून बघा साहेब. माझं तर घरात बी कुणी ऐकत न्हाई." चाबूक होता, पण त्यानं ते फक्त माशा हाकलत. चढ आला की स्वतः खाली उतरत आणि गाडीतल्या जाड माणसाकडं इतक्या अदबीनं बघत, की तोही मुकाट्यानं उतरून चालू लागे.

नव्या जिल्ह्याचं कौतुक ओसरायच्या आत दुष्काळ पडला. कडबा मिळेना. घोडीच्या बरगड्या दिसू लागल्या. जनावरांची छावणी उघडल्यावर चाचा तिला घेऊन गेले, तर कारकून म्हणाला, "चाचा, ही गाई-बैलांची छावणी हाय. घोडं कागदात बसत न्हाई."

"मग दुष्काळाला बी सांगा की, घोड्याला सोड म्हणून."

शेवटी मी अर्ज लिहिला. चाचा शेजारी बसून सांगत होते, "लिही, लाथ मारत न्हाई. लिही, बैलांत बांधली तरी तिला कमीपणा वाटणार न्हाई." मी सगळं लिहिलं. मला ते सगळं महत्त्वाचं वाटलं होतं. उत्तर आलं नाही, आणि घोडी उठताना अडखळू लागली. तेव्हा बाजारात माल उतरवून परतणाऱ्या एका ट्रकमध्ये चढवून चाचांनी तिला धर्माबादला बहिणीकडं सोडलं. तिथं गोदावरीकाठी थोडं गवत होतं. "पाऊस पडला की आणतो," म्हणाले. तोवर रोज बिनघोड्याच्या टांग्यावर बसून राहत आणि कुणी गिऱ्हाईक आलं की म्हणत, "पुढच्यात बसा. आमची माहेरी गेली."

पुढं मी नांदेडला शिकायला आलो. पाऊसही झाला. घोडी आणली का, असं मी पत्रातून विचारत राहिलो, पण वडिलांना लिहिता येत नाही. शेवटी गेल्या आठवड्यात चाचांचा धर्माबादचा भाचा होस्टेलवर भेटला, तेव्हा कळलं.

"मामू आलते की लगाम घेऊन," तो म्हणाला. "घोडी अंगानं भरली होती, खाली नदीकडं चरून राहिली होती. मामू दिवसभर वरच बसले आणि संध्याकाळच्या गाडीनं तसेच परत गेले. अम्मी म्हणली बी, भाईजान, एक हाक तर मारा. तर म्हणले, मारली तर येईल ती."