लोचा सांगा, लोचो खा!

कापडाच्या मिलमध्ये चिंध्या साठायला वेळ लागत नाही आणि ऑफिसात किस्से साठायला! सुरतेत बमरोलीतल्या आमच्या साडी-प्रिंटिंग मिलचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. मिलचा सगळा जीव नव्या डिझाइनच्या फाइल्समध्ये. मागच्या सीझनला कुणीतरी त्या ऑनलाइन चोरल्या. आमच्या आधी नक्कल मार्केटमध्ये लटकली आणि आमच्या कितीतरी कारागिरांना घरी बसावं लागलं. तेव्हा शेठनी सायबर सिक्युरिटी माझ्या गळ्यात मारली.

*

पहिल्या लेक्चरला निम्मं ऑफिस पेंगलं! शेवटी म्हटलं, "पासवर्ड असा ठेवा की कुणाला सुचणार नाही."

डिझाइन खात्यातल्या प्रतिभाताई राहायला इथल्याच डिंडोलीत, पण माहेर-सासर दोन्ही खानदेशात. त्यांनी अहिराणीतली एक अख्खी शिवीच पासवर्ड म्हणून ठेवली. कोणती, ते सांगितलं नाही.

"कुणी ओळखली तर?"

"फक्त सासूबाई ओळखतील. त्यांच्याकडूनच शिकले!"

*

एका दुपारी याच प्रतिभाताई धावत आल्या. चेहरा पांढराफटक. "भाऊ, लोचा व्हयी गया!" कुरिअरच्या नावानं आलेली खोटी लिंक त्यांनी उघडली होती. लगेच सांगितलं म्हणून मी कॉम्प्युटर नेटवरून तोडला आणि फाइल्स बचावल्या. पण ताईंची नोकरी?

शेठ आले. सगळं ऐकलं. आणि अख्ख्या ऑफिसला खमण ढोकळ्याचा लगदा वाटावा असा, तेल-शेव घातलेला गरमागरम सुरती लोचो मागवला!

"खमण बिगड्युं तो लोचो बन्यो ने? बिघडलं तर सांगायचं. लपवायचं नाय!"

माझ्या एकाही स्लाइडवर हे नव्हतं.

*

दुसऱ्याच दिवशी डिस्पॅचचे गोकुळभाऊ हजर. "भाऊ, छोटासाच लोचा आहे. हाफ प्लेट मिळेल?"

गेटपाशी त्यांना बेवारशी पेनड्राइव्ह सापडला होता. पूर्वी त्यांनी गाणी असतील म्हणून तो आधी कॉम्प्युटरला लावला असता. आता मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसा दोरीला धरून घेऊन आले. फुल प्लेट दिली!

*

आणि हा किस्सा तर मी शेजारी बसून बघितलेला. शेठ दिल्लीला गेले होते. सीझन तोंडावर. प्रतिभाताईंना अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज शेठचा! "बेन, माझा फोन बंद पडला. पार्टी समोर बसली आहे. नवी डिझाइन या नंबरवर पाठव."

फोनवरून कुणीही मागितलं तरी फाइल द्यायची नाही, हा शेठचाच नियम. ताई म्हणाल्या, "नहीं मिलेगी, शेठ."

"मेरा आवाज नहीं पहचानती?"

"पहचाना ना! पर नियम आपकाच है!" आणि ताईंनी फोन कापला. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, शेठना नाही म्हटलं मी. गेली माझी नोकरी."

बाई घाबरली होती, तरी हलली नाही. मनातल्या मनात मी हात जोडले.

शेठ परत आले तेव्हा ताई टेबल आवरून उभ्याच होत्या. "शेठ, फोनवर तुम्हाला फाइल दिली नाही. काढायचं तर काढा."

शेठनी हातातली बॅग खाली ठेवली.

"कयो फोन, बेन? मैंने तो किया ही नहीं!"