उंदीरमावशीचं औषध

उंदरांशी मराठीत बोलणारी शास्त्रज्ञ साऱ्या कॅलिफोर्नियात एकच असावी. सांता क्लारातली माझी नोकरी गेली आणि २००३ साली मी तिच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरचं काम धरलं. पहिल्याच सकाळी ती पिंजऱ्यावर वाकून विचारत होती, "काय राजे, आठवतंय का?" मराठी मंडळातली पोरं तिला उंदीरमावशी म्हणत. तिला ते फार आवडायचं.

"आठवतंय का?" हा तिचा प्रश्न सगळ्यांनाच असे. दर रविवारी तो लॅबमधून फोनवर काटोलला जाई, वडिलांकडे. संत्र्याच्या बागेत त्यांनी आयुष्यभर उघड्या हातांनी फवारणी केली होती आणि आता ते घरची वाट विसरत. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मावशीला ते पटलं नाही. कीटकनाशकानं मेंदूचं होणारं नुकसान ई जीवनसत्त्वानं रोखता येईल का, याचा शोध घ्यायला ती हट्टानं उंदरांमागे लागली. तीन वर्षं हाती काही लागलं नाही. शेवटी बॉसनं बजावलं, या खेपेलाही तेच झालं तर प्रोजेक्ट बंद.

चक्रव्यूहातून बिस्किटापर्यंत पोचायला कोणत्या उंदराला किती वेळ लागतो, हे आमची मदतनीस लिंडा मोजायची. कोणता उंदीर कोणत्या गटातला हे तिला कळू नये, म्हणून मावशीनं पिंजऱ्यांवर मराठी चिठ्ठ्या लावल्या: एका रांगेला 'औषध', दुसरीला 'जोडी'. त्यावरून आलेख काढायचं काम माझं. 'औषध'वाले पार भरकटले होते, 'जोडी'वाले झटक्यात पोचले होते. आलेख बघून बॉस हळहळला आणि "सॉरी" म्हणाला.

मावशीचा चेहरा उतरला. मग तिनं कागद जवळ ओढला.

"'औषध' म्हणजे तू काय धरलंस?"

"व्हिटॅमिन. औषध म्हणजे मेडिसिनच ना, मावशी? आणि जोडी म्हणजे एका पिंजऱ्यात दोन-दोन ठेवलेले."

"अरे मुंबईकरा! औषध म्हणजे फवारायचं औषध! जोडी म्हणजे औषध आणि व्हिटॅमिन, दोन्ही! तुमच्याकडे ढेकणांना औषध मारत नाहीत का रे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मात्र माझ्या पाठीत एक दणका घातला आणि हसत सुटली. आमच्या भाषेत विषालाही औषध म्हणतात हे बॉसला समजावताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तरी शाबासकी घ्यायला ती तयार नव्हती. "पुन्हा करू. या वेळी नुसते नंबर. तुझ्या गाढवपणावर माझं यश उभं नको." पुन्हा केलं. नंबरवाल्या उंदरांनीही तेच सांगितलं आणि प्रोजेक्ट वाचला.

हे उंदरांपुरतंच आहे, बाबांना याचा उपयोग नाही, हे तीच आम्हाला बजावत होती. त्या रविवारी तरीही तिनं स्पीकर लावला.

"बाबा, आठवतंय का, बागेत तुम्ही औषध मारायचे? उंदरांना त्याचा त्रास होऊ नये असं काहीतरी सापडलंय मला."

त्यांना काही आठवेल असं मला वाटेना. तेवढ्यात स्पीकरमधून बाबांचा आवाज आला.

"म्हणजे औषधावर औषध काढलं का वं माय!"

"आठवलं त्यांना!" मावशी ओरडली, आणि फोन माझ्या हातात कोंबून ती पिंजऱ्यांकडे धावली, उंदरांना सांगायला.