प्रेसमधून आलेली हाक

आमच्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी येतं. करणी, बाधा, भूतखेत... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. तरी लिहितेय, कारण आता मला दुसरं काही सुचत नाही.

मी संभाजीनगरची. यंत्रांची कंपनं तपासणं हे माझं काम. वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसवर आम्ही सेन्सर बसवले होते. माईक नव्हेत हं – लोखंडाला चिकटवलेले, फक्त थरथर मोजणारे. चांगली प्रेस कशी थरथरते हे कॉम्प्युटरला शिकवायचं. मग काही वेगळं आलं की तो इशारा देतो. बिघाड आधीच कळतो.

एका प्रेसवर जेवणाच्या सुट्टीत इशारे यायला लागले. म्हणजे प्रेस बंद असताना! मेंटेनन्सवाल्यांनी सगळं खोलून पाहिलं. मी सेन्सर बदलला, केबल बदलली. तरी तेच. शेवटी तेवढीच कंपनं वेगळी काढली, त्यांचा आवाज बनवला आणि तिथंच टेबलावर स्पीकर लावला.

माणसाचा आवाज होता. तरुण, लांबून हाक मारल्यासारखा – "बारक्या... ए बारक्या..."

"कुणीतरी चेष्टा करतंय," माझ्याबरोबरचा इंजिनिअर हसला. पण त्या प्रेसवर काम करणारे भालेराव मामा मागंच उभे होते. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला.

"परत लावा, ताई."

लावलं.

"हा माझा दादा हाय. बारक्या मला तोच म्हणायचा. दुसरं कुणी नाय."

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत त्यांची वस्ती जाळली, तेव्हा हे दोघे भाऊ शेतातून पळाले आणि त्यांची चुकामूक झाली. दादा परत आला नाही. ना प्रेत, ना निरोप.

"त्याला इचारा ना, कुठंय तो."

"मामा, हे रेकॉर्डिंग आहे. त्याच्याशी बोलता येत नाही."

मामा पुढे झाले. प्रेसच्या खांबाला दोन्ही हात लावून असे ओरडले की सगळे जेवता जेवता थांबले – "दादा! म्या इथं हाय! वाळूजला हाय!"

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी इशारा आला. मी हेडफोनवर ऐकलं. "तिथंच थांब. आलोच म्या."

सांगावं की नाही? पण मामा समोर उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत. सांगितलं.

त्यानंतर इशारे बंद झाले ते कायमचे. माझ्याहून जाणत्या लोकांना मी रेकॉर्डिंग ऐकवलं. एकजण म्हणाला, रेडिओचा सिग्नल असेल. दुसरा म्हणाला, गोंगाटात कान हवं ते ऐकतात. मग ते नाव कुठून आलं?

मामा रिटायर झालेत. तरी बजाजनगरहून रोज जेवणाच्या सुट्टीला येतात, गेटवरच्या बाकड्यावर बसतात. मुलगा न्यायला आला की म्हणतात, "त्यानं थांब म्हणलंय." परवा वॉचमनचा फोन आला – "मॅडम, मामा इचारायलेत, अजून किती वेळ लागंल. काय सांगू?"

तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर सांगा.