चाळीस फुटी गाडी आणि घरची गल्ली

ट्रेलरच्या अड्ड्यावर त्याला सगळे इंचभाऊ म्हणायचे. मालावर नुसती नजर टाकायची आणि सांगायचं, "याला वीस फुटी लावा, त्याला चाळीस." मग पुन्हा टेप धरायची कुणाची छाती नव्हती. नव्या ड्रायव्हरला तर तो दमच भरायचा, "अरे शहाण्या, माल किती लांब हे कुणीही सांगेल. गाडी शेवटच्या वळणावर वळेल का, ते आधी बघ!"

बायको गेल्यापासून मात्र गडी घरी फिरकला नव्हता. अड्ड्यावरच्या बाकावर झोपायचा, पुढ्यात येईल ते गिळायचा. रडला म्हणाल तर तेही नाही. मेव्हणा येऊन गेला. "दाजी, निदान घर उघडा तरी," म्हणाला. याने मान हलवली आणि दोर गुंडाळत बसला. किल्ली खिशातच होती, पण घराचं नाव काढलं की हातपायच चालत नसत.

अशात छापखान्याचं एक यंत्र आलं, जेमतेम अठरा फुटांचं. इंचभाऊने पत्ता वाचला, कागद परत दिला आणि म्हणाला, "चाळीस फुटी लावा." कारकुनाच्या भुवया वर गेल्या, पण त्याला शिकवणार कोण?

दुपारी ड्रायव्हरचा फोन. "भाऊ, अडकलो! तोंड गल्लीत, शेपूट रस्त्यावर. लोक शिव्या घालतायत."

"कुठली गल्ली?"

कुठली म्हणजे काय, त्याचीच! छापखाना त्याच्या घरासमोरचा. अख्खा जन्म गेला त्या कोपऱ्यावर, आणि पत्ता वाचताना गल्ली डोळ्यांपुढे आलीच नाही. अड्ड्याच्या मालकाने सांभाळून घेतलं. एरवी इंचभाऊ शरमेने मेल्याहून मेला असता. आज काहीच वाटलं नाही.

तो गल्लीत पोचला. गाडीची दोन्ही टोकं दिसतील अशी जागा तिथं एकच होती, त्याच्या घराची पायरी. दाराकडे पाठ करून तो तिच्यावर चढला. "येऊ दे... येऊ दे... काप डावीकडे... बस!" भिंतीला न घासता गाडी मागे निघाली.

ड्रायव्हर घामाने निथळत खाली उतरला. "भाऊ, घोटभर पाणी मिळेल का कुठं?"

इंचभाऊने कुलूप काढलं. आत कोंदट वास होता. त्याने नळ सोडून सवयीने दोन पेले भरले, एक आतल्या खोलीकडे धरला आणि म्हणाला, "अगं, पाणी घे."

पेला धरून तो तसाच उभा राहिला. हात भरून आला तरी खाली घेईना.

"भाऊ?" बाहेरून हाक आली.

त्याने दुसरा पेला नेऊन ड्रायव्हरला दिला. "यंत्र वीस फुटीवर चढवून आण," तो म्हणाला.

"आणि तुम्ही? अड्ड्यावर येताय ना?"

"नाही. मी घरीच आहे."