हॅन्डब्रेकवरचे जांभळे ठसे: जुन्या आठशेने उल्हासनगर ते बारवी

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आमच्या अहोंना क्लच दाबवत नाही. त्यामुळे आमची पस्तीस वर्षांची आठशे उल्हासनगरात कॅम्प तीनच्या गल्लीत ताडपत्रीखाली बसून होती. शेवटी त्यांनी बदलापुरातल्या कात्रपच्या एका हौशी गृहस्थांना शब्द दिला, "रविवारी गाडी दाखवायला आणतो."

"अहो, मी शिकलेय ना आता! लायसन्स काय फ्रेम करून लावू?"

"तू क्लासची गाडी चालवलीस, शोभा. हिला सवयीचा हात लागतो."

असा राग आला म्हणून सांगू! मी म्हटलं, कात्रपपर्यंत मीच नेणार. नीट नेली तर विकायची नाही आणि तिथूनच बारवी धरणाकडे फिरायला जायचं. ते म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'.

निघताना आधी दाल-पकवान, म्हणजे सिंधी लोकांची डाळ आणि कुरकुरीत पुरी. कॅम्प तीनमध्ये येऊन ते न खाता जाऊ नका. स्वस्त आहे आणि दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. रविवारी शक्यतो सकाळीच बाहेर पडा, नंतर जीन्सच्या गठ्ठ्यांचे टेम्पो आणि शेअर रिक्षा मिळून रस्ता गिळून टाकतात. मी अर्थात त्याच गर्दीत सापडले. शेजारी अहो रिकाम्या जागी पायाने ब्रेक दाबत होते. "रिक्षा! अगं रिक्षा! डावीकडे बघ!"

"दिसतेय मला. डोळे घरी ठेवून नाही आले."

अंबरनाथचं शिवमंदिर ऊन चढायच्या आत बघा, नाहीतर अनवाणी पाय चांगलेच भाजतात. भिंतींवरचं कोरीव काम बघताना मान दुखते, पण मन काही निघत नाही. अहोंचं मन मात्र गाडीत. तिच्याभोवती दोन चकरा मारून ते म्हणाले, "थकली गं ही." त्यांचा चेहरा बघून मलाच वाईट वाटलं.

पुढे बदलापूरच्या रस्त्यावर एक पाड्यावरची बाई टोपलीत जांभळं घेऊन बसली होती. "खाऊन बघा ना ताई, मग बोला. बारवीच्या अंगाची हायेत." टपोरी, गोड, तुरट अगदी नावाला. पळसाच्या पानांचा भरलेला द्रोण अहोंच्या मांडीवर दिला आणि निघालो.

थोडं पुढे गेलो आणि गाडी जड झाली. ॲक्सिलरेटर दाबतेय, इंजिन ओरडतंय, गाडी आपली चिखलातून चालल्यासारखी. मग जळका वास.

"क्लच जाळलास! सांगितलं होतं मी! कात्रपच्या माणसाला फोन करतो, टो करून घेऊन जा म्हणावं."

झाडाखाली सपाट जागा बघून गाडी थांबवली आणि एकेका चाकाजवळ हात नेला. तीन चाकं बरी. मागच्या डाव्या चाकातून मात्र तव्यासारखी धग येत होती. म्हणजे क्लच नव्हे, ब्रेक धरून बसला होता. अहो पाण्याची बाटली घेऊन धावले. "ओतू नका! तापलेला ड्रम तडकेल." (तुम्हीही ओतू नका.)

हॅन्डब्रेक सोडलाय ना हे बघायला आत वाकले, तर दांड्यावर चार बोटांचे जांभळे ठसे. ताजे, ओले. मी तर गाडीत बसल्यापासून जांभळाला हात लावला नव्हता.

"अहो, हे काय?"

त्यांनी हात खिशात घातला. "ट्रक आला की... थोडासाच ओढत होतो. लगेच सोडत होतो गं."

हसावं की भांडावं कळेना. मी दोन्ही केलं.

ते दांडा सोडत होते हे खरं. पण आतली केबल गंजलेली. ओढली की जायची, सोडली तरी परत यायची नाही. माझ्या शिवणाच्या मशिनी अशाच जाम होतात, म्हणून मशीनच्या तेलाची बाटली पर्समध्ये असतेच. गाडी गिअरमध्ये टाकली, पुढच्या चाकांना दगड लावले आणि जॅकवर मागचं चाक उचललं. ते हाताने फिरेना. ड्रम निवेपर्यंत जांभळं खाल्ली. मग दांड्याखालचं झाकण काढून केबलचा नट सैल केला आणि चाकाकडच्या टोकाला तेल सोडलं; आतल्या लायनरवर थेंबही जाऊ द्यायचा नाही, नाहीतर ब्रेकच लागणार नाही. अहो दांडा वरखाली करत होते, मी चाक हलवत होते. हळूहळू सुटलं आणि गरगर फिरलं. रस्त्यात मी टाळी वाजवली! पुढे दिवसभर हॅन्डब्रेकला हात लावायचा नाही असं ठरलं. गाडी लावली की गिअर आणि चाकाला दगड.

कात्रपचे गृहस्थ गाडी बघून खूश. "एक नंबर! फार्महाऊसच्या गेटवर ठेवतो. लोक फोटो काढतील."

"चालवणार नाही?" अहोंनी विचारलं.

"छे हो, शोसाठीच."

अहोंनी बॉनेटवरून रुमाल फिरवला. "माफ करा, विकायची नाही. चालती गाडी आहे ती. आमची ही चालवते."

मी चाकाखालचा दगड काढला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

बारवीचा रस्ता झाडीतून जातो. धरणावर सगळीकडे सोडत नाहीत, पण लांबून दिसणारं पाणीसुद्धा पुरतं. जेवण बदलापुरातच उरकून घ्या, पुढे फारसं काही मिळत नाही. आम्ही दगडावर बसून उरलेली जांभळं संपवली आणि एकमेकांना जिभा दाखवल्या.

परतताना बदलापूर सुटल्यावर एक ट्रक अगदी खेटून गेला. शेजारून 'अगं' नाही, 'डावीकडे' नाही. मी घाबरून बघितलं, तर अहो मान टाकून झोपले होते. जांभळी बोटं मांडीवर पसरलेली. ज्या गाडीत त्यांनी जन्मात कधी डुलकी घेतली नव्हती, तिच्यात विठ्ठलवाडीपर्यंत ते मस्त घोरत होते.

सोमवारी गॅरेजमध्ये नवी केबल टाकून घेतली. तिथला माणूस दांड्यावरचे जांभळे डाग पुसायला लागला, तेव्हा मी त्याला म्हटलं, तेवढं राहू दे.