पाण्याआधीची उपकारस्तुती

आमच्या बोअरची उपकारस्तुती पाणी लागायच्या आधीच ठरली होती.

आम्हा ख्रिस्ती लोकांत घरात काही चांगलं झालं की मंडळीला बोलावून उपकारस्तुतीची सभा घेतात. गाणी, प्रार्थना, देवानं काय केलं ते सांगणारे दोन शब्द साक्षीचे आणि मग मटण. (लोक नेमके कशासाठी येतात ते प्रभूला ठाऊक.) बाकीचे लोक आधी चांगलं घडू देतात. मला तेवढा दम कुठला! परतूरला घर बांधल्यापासून माझी बायको मार्था टँकरच्या पाण्यानं टिपाडं भरून घेई आणि घागरी उचलून उचलून तिची कंबर कामातून गेली होती. बोअरची गाडी शनिवारी सकाळी येणार होती, आमच्या चर्चचे पाळकसाहेबही शनिवारीच मोकळे होते. मी मंडळीच्या ग्रुपवर टाकून दिलं, 'प्रभूने पाणी दिले आहे, सर्वांनी शनिवारी संध्याकाळी यावे.'

"दिलंय?" मार्था म्हणाली. "अजून गाडी यायचीय."

"विश्वास ठेव."

"प्रभूवर हाय. पर जागा तुम्ही निवडली ना, म्हनून धाकधूक होऊन राह्यली."

(जागा मी पेरूच्या झाडाशेजारी निवडली होती. तिथून स्वयंपाकघरापर्यंत पाइप कमी लागणार होता. यापलीकडे शास्त्र नव्हतं.)

सकाळची गाडी संध्याकाळी आली. मंडळी सतरंजीवर बसली आणि पलीकडे यंत्र सुरू झालं. पेटीवाला नुसतीच बोटं हलवतोय असं दिसू लागलं. मग धुरळा उठला. पाळकसाहेबांनी "हे दयाळू पित्या" म्हणून आवाज चढवला की यंत्र त्याच्या वर जाई. त्यांचे पांढरे कपडे राखाडी झाले, मिश्याही झाल्या. मी माझा लग्नातला कोट काढून मटणाच्या पातेल्यावर पांघरला.

"सर, नुसता फुफाटा निघून राह्यला," गाडीवाला ओरडला. "थांबू का?"

"अजून थोडं."

माझ्या प्रत्येक 'अजून थोडं'ला मंडळीवर आणखी एक थर बसत होता. शेवटी त्यानं यंत्रच बंद केलं. "फेल गेला, सर."

पाळकसाहेब खोकत म्हणाले, "घोटभर पाणी द्या हो."

मार्था टिपाडांकडे गेली आणि तशीच परत आली. "सगळी रिकामी. टँकर आल्ता का न्हाई?"

"त्याला मीच सांगितलं," मी म्हणालो, "आता बिलकुल येऊ नको म्हणून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. (तसं पाहणं बायबलात उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत कुठंही वर्णिलेलं नाही.) मी आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. मी चक्क देवावर रुसलो होतो. चारचौघांत माझी फजिती झाली ती झालीच, पण मार्थाच्या कमरेनं त्याचं काय बिघडवलं होतं?

बाहेर एकाएकी हशा आणि बादल्यांचा खणखणाट सुरू झाला. मार्था दारात आली. "चला, लोक वाट बघून राह्यले."

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"आधी धुवा, मंग दाखवा. पानी हाय."

शेजारच्या रखमामावशींनी आपला हौद उघडला होता. कडक इस्त्रीतली, नखशिखांत राखाडी झालेली आमची मंडळी बादल्या घेऊन ये-जा करत होती. पाळकसाहेबांच्या खांद्यावर घागर होती आणि मावशी त्यांना म्हणत होत्या, "जल्दी करा साहेब, अन् सांडू नका." एकेक टिपाड काठोकाठ भरत होतं. मीही एक बादली उचलली आणि त्यांच्यात शिरलो.

पुन्हा सतरंजीवर बसल्यावर पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला सांगितलं. मी मान खाली घातली. मार्था उभी राहिली.

"प्रभूचे उपकार," ती म्हणाली, "की आज सगळी टिपाडं भरली अन् म्या एकबी घागर उचलली न्हाई. शेजार असा दिलाय, मंडळी अशी दिलीय. मला आज काहीच कमी न्हाई."

"आमेन," सगळे म्हणाले.

"अन् ह्यांनी एकच भोक पाडलं, त्याबद्दलबी उपकार."

ह्या वेळचं आमेन यंत्रापेक्षा मोठं निघालं, आणि त्यात सगळ्यात वरचा आवाज माझा होता.