मशीन ऊद घेतं

कडा गावच्या एसटी स्टँडसमोर लग्नपत्रिका टाइप करून देणारी कावेरी मुळातच तापट, आणि नव्व्याण्णव सालच्या लग्नसराईत तिचा कॉम्प्युटर तिच्याहून लवकर तापायला लागला. चार ओळी टाइप केल्या की बंद! आधी तिनं लाइटवाल्यांना शिव्या घातल्या, मग मशीन विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, एसी बसवा." तिनं रिसीव्हर आपटला आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला.

डबा उघडला तर प्रोसेसरवरचा पंखा जागचा हलेना. त्याच्या खालच्या, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना बोट लावताच चटका बसला. पात्यांवर काळा, चिकट थर होता. तिनं वास घेतला. ऊद!

सासरे धोंडप्पा रोज सकाळी गल्ल्याला आणि मग मशीनला ऊद दाखवायचे. पुढच्या फटींतून धूर आत ओढला गेला की हरखून म्हणायचे, "बघ, कसं घेतंय!"

ओठावर आलेलं तिनं गिळलं. टूथब्रशनं सगळं खरवडलं, पंख्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. पंखा भिरभिरला. अख्खी पत्रिका एका दमात टाइप झाली, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

मागचा पंखा हवा बाहेर फेकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं मशीनची पाठ दाराकडे केली. धोंडप्पांनी नेहमीसारखा दारातून ऊद धरला, तर धूर उलटा त्यांच्याच तोंडावर.

"कावून गं, आज घेईना?" ते खोकत म्हणाले.

"पोट भरलं हाय त्याचं, मामा," कावेरी म्हणाली. आवाज अगदी थंड होता.